एकच खोली, रोज नवं गाव: बोलोन्याहून ट्रेनने करायच्या दिवसभराच्या ट्रिपा

आपल्याकडची मंडळी युरोपला गेली की एक प्रकार हमखास करतात, दहा दिवसांत सहा हॉटेलं. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं आणि आल्यावर फोटो बघताना कुठला पूल कुठल्या गावातला हे सांगता येईना. दुसऱ्या खेपेला आईबाबा बरोबर होते, आईचा गुडघा दुखरा, बाबांना दुपारी अर्धा तास पडायला लागतं, त्यामुळे ठरवलं की खोली एकच घ्यायची, बॅग एकदाच उघडायची, आणि रोज सकाळी फक्त एक पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन ट्रेनमध्ये बसायचं. ९ रात्री इटलीतल्या बोलोन्यात राहिलो. त्यात जे जमलं, जे फसलं ते सगळं क्रमाने लिहितोय.

बोलोन्याच का

मनमाडला कोणी फिरायला जात नाही, गाडी बदलायला जातात. इटलीला जाणाऱ्या बऱ्याच लोकांच्या लेखी बोलोन्या तसंच आहे, आणि आपला फायदा नेमका तिथेच आहे. मिलान, व्हेनिस, व्हेरोना, फ्लोरेन्स आणि ॲड्रियाटिक किनारा, सगळीकडच्या लाइनी इथे येऊन मिळतात. शिवाय इसवी सनापूर्वी १८७ मध्ये रोमनांनी रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत एक सरळसोट रस्ता बांधला, व्हिया एमिलिया, आणि त्या रस्त्यावर थोड्याथोड्या अंतराने गावं वसत गेली. रिमिनी, फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा, सगळी एका रेषेत. रेल्वेही पुढे त्याच रेषेला धरून टाकली, म्हणून आज लोकलमध्ये बसल्यासारखं बसायचं आणि अर्ध्या तासात वेगळंच संस्थान, वेगळा राजवाडा, वेगळं चीज. जवळजवळ सगळा प्रदेश सपाट आहे, गुडघेवाल्यांसाठी हे फार मोठं सुख.

पहिलं काम, खोली

खोली स्टेशन आणि मुख्य चौक म्हणजे पियाझ्झा माज्जोरे यांच्या मधे कुठेतरी घ्या. व्हिया इंदिपेन्देन्झा नावाचा सरळ रस्ता दोन्हीला जोडतो, रमतगमत चालत २० मिनिटं. दोन्ही बाजूंना कमानींखालचा फूटपाथ आहे, म्हणजे पाऊस आला तरी छत्री न उघडता स्टेशन गाठता येतं. या कमानींना २०२१ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, पण आम्हाला त्यांचं कौतुक वाटलं ते पावसात आणि उन्हात. विमानतळावरून स्टेशनला मोनोरेल येते, सात-आठ मिनिटांत. खोली बघताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा, जुन्या इमारतींमध्ये तिसरा मजला म्हणजे आपला चौथा-पाचवा वाटावा अशी उंची असते.

दुसरं काम, रिकाम्या हाताने स्टेशन बघून या

हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पोचल्याच्या संध्याकाळी, कुठे जायचं नसताना, स्टेशनवर अर्धा तास नुसते फिरून या. बोलोन्या सेंत्राले हे एक स्टेशन नसून तीन-चार स्टेशनं एकत्र शिवल्यासारखं आहे. मधले नेहमीचे प्लॅटफॉर्म, शिवाय दोन टोकांना ओवेस्त म्हणजे पश्चिमेचे आणि एस्त म्हणजे पूर्वेचे प्लॅटफॉर्म, त्यांचे नंबर पुन्हा एकपासून. आणि १६ ते १९ हे हाय-स्पीडचे प्लॅटफॉर्म जमिनीखाली खोल, सरकत्या जिन्यांवरून उतरतच राहायचं, मेन हॉलपासून तिथे जायला आरामात १० मिनिटं धरा, म्हातारी माणसं असतील तर १५.

पहिल्या दिवशी मी बोर्डावर नंबर वाचला आणि त्यापुढचं ओवेस्त वाचलंच नाही. तिघेही त्याच नंबरच्या मधल्या प्लॅटफॉर्मवर छान बाकावर बसून होतो, गाडी पलीकडच्या टोकाहून वेळेवर निघून गेली. चूक शंभर टक्के माझी, बाबांनी पुढचे ८ दिवस रोज सकाळी विचारलं, "पूर्ण वाचलंस ना?"

फिरताना पश्चिमेकडच्या बाजूला बाहेर भिंतीवर एक घड्याळ दिसेल, १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं. ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी त्या वेळी इथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. वेटिंग रूम आजही वापरात आहे, भिंतीतली चीर तशीच ठेवली आहे आणि शेजारी नावांची यादी. आई ती नावं आणि पुढचे वयाचे आकडे वाचत उभी राहिली, लोक आजूबाजूला सँडविच खात गाडीची वाट बघत होते.

तिसरं, गाडी कुठली आणि तिकीट कसलं

गाड्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक रेजिओनाले आणि तिचीच जरा कमी थांबणारी बहीण रेजिओनाले व्हेलोचे. यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं, आज घ्या नाहीतर महिनाभर आधी घ्या, तेवढंच. सीट नंबर नाही, जागा मिळेल तिथे बसा. दुसरी जात म्हणजे फ्रेच्चारोस्सा, इतालो वगैरे वेगवान गाड्या, यात सीट पक्की, ठरलेल्या गाडीचंच तिकीट, आणि विमानासारखं जितकं उशिरा तितकं महाग. माझं सरळ मत, मोदेना, पार्मा, फेरारा, रावेन्ना, फोर्ली, रिमिनी या सगळ्यांसाठी रेजिओनालेच. मोदेना, फेरारा, रावेन्ना, पार्मा यांचं एका बाजूचं तिकीट १० युरोच्या आत बसतं आणि संध्याकाळी हवं तेव्हा निघता येतं. वेगवान गाडी फक्त फ्लोरेन्स आणि व्हेनिससाठी, आणि ती मात्र घरून निघायच्या आधीच बुक करा.

आता तिकिटाची मेख. मशीनमधून किंवा खिडकीवरून घेतलेलं रेजिओनालेचं कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड, आणि मला माहीत नव्हतं हे कारण चालत नाही. शिक्का मारल्यापासून ४ तास ते तिकीट चालतं. आमच्या बाबांनी काय केलं, शिस्तीचे असल्यामुळे सकाळीच जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटांवर शिक्के मारून टाकले, तिघांचेही. म्हणजे संध्याकाळपर्यंत परतीची तिन्ही तिकिटं बाद. मुकाट्याने नवी घेतली. तेव्हा परतीचं तिकीट घेऊन ठेवलं तरी ते वेगळ्या कप्प्यात ठेवा, परत निघताना त्या गावच्या स्टेशनवर शिक्का मारा. ॲपवर तिकीट घेतलं तर शिक्क्याची भानगड नाही पण त्यात चढायच्या आधी चेक-इन करावं लागतं, तेही विसरायचं नाही. फ्रेच्चारोस्सासारख्या गाड्यांना यातलं काहीच नाही, तिकीट आहे आणि तुम्ही आहात.

मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते. तिथे कोणी न मागता मदतीला आलं की हसून नको म्हणा आणि पाकीट पुढच्या खिशात.

चौथं, बोर्ड वाचायला शिका

पार्तेन्झे म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, आर्रीवी म्हणजे येणाऱ्या. छापील वेळापत्रक असेल तर सुटणाऱ्यांचं पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्यांचं पांढऱ्यावर. बिनारिओ म्हणजे प्लॅटफॉर्म, रितार्दो म्हणजे लेट, आणि कान्चेल्लातो दिसलं की समजलंच. बोर्डावर मोठ्या अक्षरात गाडी शेवटी जिथे जाणार त्याचं नाव असतं, तुमच्या गावाचं नसतं. म्हणजे कर्जत फास्टवर ठाणे लिहिलेलं नसतं, तसंच. फेराराला जायचं तर व्हेनेझिया शोधा, मोदेना आणि पार्मासाठी पिआचेन्झा किंवा मिलानो, फोर्लीसाठी रिमिनी किंवा अंकोना. नावं इटालियनमध्ये असतात, फ्लोरेन्स शोधत बसलात तर सापडणार नाही, ते फिरेन्झे आहे. आणि खात्री गाडीच्या नंबरावरून करायची, वेळेवरून नाही, कारण एकाच मिनिटाला दोन गाड्या सुटतात. प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलतो, अनाउन्समेंट झाली आणि आजूबाजूचे लोक अचानक पळायला लागले तर तुम्हीही पळा, कारण नंतर विचारा.

पाचवं, कुठला वार कुठल्या गावाला

सोमवारी इटलीतली बरीच म्युझियमं बंद असतात, म्हणून सोमवारी चर्च, बाजार आणि रस्ते यांचं गाव ठेवा. रविवारी दुपारी छोट्या गावांत शुकशुकाट. १५ ऑगस्टच्या आसपास अर्धी दुकानं कुलूपबंद, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये या सखल भागात ३५ अंश आणि आपल्या मे महिन्यासारखी चिकचिक, डाससुद्धा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. आणि एका दिवसात एकच गाव. मोदेना आणि पार्मा एकाच लाइनवर आहेत म्हणून दोन्ही उरकू असं नकाशा बघून वाटतं, आम्हालाही वाटलं, पण दुपारी दुसऱ्या गावात पोचलं की चर्च बंद, जेवणाची वेळ टळलेली आणि पाय संपलेले.

रावेन्ना, एकच दिवस असेल तर हेच

थेट गाडीने सव्वा तासाच्या आसपास. इसवी सन ४०२ नंतर पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे होती हे आज त्या शांत, सायकलींच्या गावाकडे बघून पटत नाही. इथली आठ वास्तू युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यातल्या पाच मुख्य ठिकाणांचं एकत्र तिकीट ऑनलाइन मिळतं, आणि त्यातली गाल्ला प्लाचिदियाची समाधी आणि बिशप निऑनचं बाप्तिस्मागृह या दोन छोट्या जागांना वेळ निवडावी लागते. वेळ निवडताना गाडी पोचल्यानंतर किमान पाऊण तासाने निवडा, स्टेशनपासून चालत १५-२० मिनिटं लागतात आणि वाटेत कॉफी होतेच.

गाल्ला प्लाचिदियामध्ये एका वेळी पाचच मिनिटं आत सोडतात. बाहेरून विटांची साधी खोली, आपल्याकडे असती तर त्यावर पोस्टर चिकटवली असती. आत शिरल्यावर पहिला मिनिटभर काही दिसत नाही कारण खिडक्यांना काच नाही, अलाबास्टरचे पातळ दगड आहेत, मधाच्या रंगाचा उजेड येतो. मग हळूहळू वरचं निळं छत आणि त्यावरचे सोनेरी तारे दिसायला लागतात. म्हणून टिप अशी, आत गेल्याबरोबर फोन काढू नका, आधी डोळे सरावू द्या, शेवटच्या मिनिटात काय तो फोटो काढा. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा समोरासमोर भिंतींवर मोझेइकमध्ये आहेत, म्हणजे काचेच्या छोट्या तुकड्यांच्या चित्रांत, ५४७ सालच्या सुमाराचे. जवळ जाऊन बघा, काचेचे तुकडे एका पातळीत बसवलेले नाहीत, जरा जरा तिरके आहेत, त्यामुळे आपण एक पाऊल सरकलो की सोनं दुसरीकडे चमकतं. आई म्हणाली, "पैठणीचा पदर हलवल्यासारखं." मला यापेक्षा बरं वर्णन सुचलेलं नाही.

दुपारी इटालियन महाकवी दान्तेची समाधी बघा, पाच मिनिटांचं काम. फ्लोरेन्सने त्याला हाकललं, तो १३२१ मध्ये इथे वारला, पुढे फ्लोरेन्सने अस्थी मागितल्या तर रावेन्नावाल्यांनी दिल्या नाहीत. आता समाधीतल्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लोरेन्स पाठवतं.

आणि या लाइनवर एक गोष्ट मराठी माणसाने चुकवू नये अशी आहे. लुगो स्टेशन सुटलं की बान्याकाव्हाल्लो यायच्या आधी गाडी एका छोट्या नदीवरून जाते, दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध, पाणी जेमतेम. ती सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, यांनी गोळीबारात दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून सुरक्षित जागी नेलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गाडीतून पूल पाच-सहा सेकंदांत जातो, म्हणून लुगोलाच खिडकीशी उभे राहा. ज्यांना अजून एक अर्धा दिवस देता येईल त्यांनी फोर्लीला जावं, तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं वेगळं स्मारक. स्टेशनवरून टॅक्सी केलेली बरी.

मोदेना, फेरारा, पार्मा

मोदेनाला सकाळी लवकर जा, कारण आल्बिनेल्ली मार्केट ही मुख्यतः सकाळची मजा आहे, लोखंडी छपराखाली भाज्या, चीज, मशरूम, आणि टोमॅटोला हात लावलात तर दुकानदारीण डोळे वटारते, तिथे आपण निवडायचं नसतं, सांगायचं असतं. शेजारीच कॅथेड्रल आणि ८६ मीटर उंच गिर्लांदिना मनोरा. फेरारीचं वेड असेल तर एन्झो फेरारी म्युझियम स्टेशनपासून चालत जवळ आहे, मारानेल्लोचं मात्र गावाबाहेर, बसने. आम्ही ते सोडून बाल्सामिक व्हिनेगरवाल्यांकडे गेलो, आधी वेळ ठरवावी लागते. द्राक्षाचा रस आटवून लाकडी पिंपांत भरतात, पिंपं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने, सगळ्यात लहानातून थोडं काढायचं आणि ते शेजारच्या मोठ्यातून भरायचं, असं वर्षानुवर्षं. अस्सल म्हणवून घ्यायला किमान १२ वर्षं, वरच्या दर्जाला २५. आणि हे सगळं तळघरात नाही तर माळ्यावर, कारण त्याला उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागतात. आजीच्या लोणच्याच्या बरण्या अंधारात आणि हे माळ्यावर तापत, एवढाच फरक. अस्सलची बाटली १०० मिलीचीच असते आणि महाग असते, सुपरमार्केटमधलं तीन युरोचं ते हे नव्हे.

फेरारा म्हणजे सायकल. अर्धा-पाऊण तासाचा प्रवास, मग सरळ रस्त्याने २० मिनिटं चाललं की खंदकात पाणी असलेला खराखुरा किल्ला, १३८५ ला बांधायला घेतलेला. सायकल भाड्याने घेऊन गावाभोवतीच्या ९ किलोमीटर तटावरून फिरा, रस्ता सपाट आणि वर झाडं. पालाझ्झो देई दियामान्ती या वाड्याच्या भिंतीला हजारो टोकदार संगमरवरी दगड आहेत, बाहेरून बघायलाही छान.

पार्मा तासाभरावर. गुलाबी दगडाचं बाप्तिस्मागृह आणि कॅथेड्रलच्या घुमटातलं कोर्रेज्जोचं चित्र, मान दुखेपर्यंत बघावं. चीजचे कारखाने सकाळी लवकरच चालतात आणि गावाबाहेर असतात, ट्रेनने जाणाऱ्यांनी त्याच्या मागे लागू नये.

फ्लोरेन्स आणि व्हेनिस

हाय-स्पीडने फ्लोरेन्स ३५-४० मिनिटं. खिडकीची सीट मागून काही उपयोग नाही, बराचसा प्रवास बोगद्यातच. तिथलं उफिझ्झी हे चित्रांचं म्युझियम सोमवारी बंद. व्हेनिसला वेगवान गाडीने दीड तास, रेजिओनाले व्हेलोचेने दोन, आणि उतरायचं सान्ता लुचियाला, मेस्त्रेला नाही. २०२४ पासून काही ठराविक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेश फी घेतं, तारखा आधी बघा. खरं सांगायचं तर ही दोन गावं एका दिवसात उरकायची नाहीत, पण आईला गोंडोला बघायचाच होता. नुसता बघायचा, बसायचं नव्हतं.

खाणं, विशेषतः व्हेज मंडळींसाठी

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर स्वयंपाकघर बंद ते थेट साडेसातला उघडतं. या मधल्या वेळेत भूक लागली तर हाल, म्हणून पिशवीत खाकरा असू द्या. तोर्तेल्लीनीमध्ये मांस असतं, तोर्तेल्लोनीमध्ये बहुतेक रिकोत्ता चीज, एका अक्षराचा फरक आहे, नीट वाचा. फेरारात भोपळा भरलेले काप्पेल्लाच्ची आणि पार्मात पालेभाजी भरलेली तोर्तेल्ली, दोन्ही लोणी आणि सेजच्या पानांत मागवा, मांसाच्या रश्श्यात नाही. ब्रोदो हा शब्द दिसला की मांसाचं पाणी समजा. आता वाईट बातमी, फेराराचा तो शिंगांसारखा वळलेला पाव आणि रोमान्यातली म्हणजे रावेन्ना-रिमिनीकडची पियादिना, त्यांची पोळी, दोन्हीत परंपरेने डुकराची चरबी असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात. पियादिना ऑलिव्ह तेलातली मिळते, विचारून घ्या. आणि पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, कट्टर असाल तर तेही नाही. बाबांनी हे ऐकल्यावर विचार करून सांगितलं की मला हे परवा सांगितलं असतंस तरी चाललं असतं, आणि पार्मेझान खाणं चालू ठेवलं.

संप

शोपेरो हा शब्द पाठ करा. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, बऱ्याचदा शुक्रवारी, त्यामुळे आदल्या रात्री तपासायचं. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या तरीही चालवाव्या लागतात, म्हणजे लवकर जाऊन संध्याकाळी परत येणं जमू शकतं, पण गर्दी विरारची. म्हाताऱ्यांना घेऊन असाल तर त्या दिवशी गाव सोडू नका. आम्ही बोलोन्यातच सान लुकाच्या टेकडीवर गेलो, सारागोझ्झा वेशीपासून वरच्या चर्चपर्यंत जवळजवळ ४ किलोमीटर सलग कमानी, ६६६, पायाखाली फरशी आणि डोक्यावर छप्पर. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत सपाट आहे, चढ तिथून पुढे सुरू होतो. आई त्या कमानीपाशी बाकावर थांबली, पिशवी सांभाळत, आणि आम्ही दोघं वर जाऊन आलो.